बाबांना लघवीची पिशवी लावून घरी आणलंय: रिकामी कधी करायची, बदलायची कधी, धुवायची का?

जांबोटी_रोड

बाबा ७२ वर्षांचे आहेत. प्रोस्टेटमुळं लघवी अडकली, बेळगावात नळी घातली आणि काल घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर ‘फोलीज १६, लेटेक्स, तीन आठवड्यांनी दाखवणे’ एवढंच आहे. पिशवी दोन लिटरची आहे, खाली पांढरा खटका आहे. वहिनी आणि मी मिळून बघालोय, पण प्रत्येक जण वेगळं सांगालाय. पिशवी भरली की काढायची की अर्धी झाली की? धुऊन परत लावायची का? बाबा जमिनीवर गादीवर झोपतात, मग पिशवी ठेवायची कुठं? अंघोळीला नळी काढायची का? तीन आठवड्यांनी बसनंच बेळगावला जावं लागणार, तेव्हा काय करायचं? शेजारचे काका म्हणतात, पिशवीत थोडं डेटॉल टाकून ठेव आणि दिवसातून दोनदा नळीला गाठ मार, म्हणजे लघवीची सवय मोडत नाही. हे बरोबर आहे का?

निपाणीची_सिस्टर

आधी झोपण्याचं बघा, कारण बाकीचं सगळं त्यावर आहे. पिशवी मूत्राशयाच्या खाली असली पाहिजे आणि जमिनीला टेकता कामा नये. जमिनीवरच्या गादीवर या दोन्ही गोष्टी एकावेळी जमत नाहीत. तेवढ्यापुरती घरातली खाट किंवा पलंग द्या. गुडघ्याएवढी उंची पुरते. पिशवीचा हूक खाटेच्या खालच्या दांडीला अडकवा. उशाच्या दांडीला किंवा खिडकीच्या गजाला नको. दांडी फार खाली असेल आणि पिशवी टेकत असेल, तर एक स्वच्छ प्लास्टिकचं टब किंवा बादली खाली ठेवा आणि पिशवी तिच्यात लोंबू द्या. ते टब रोज धुवायचं आणि दुसऱ्या कशाला वापरायचं नाही.

पिशवीच्या तोंडाशी एक झडप असते, तिच्यामुळं पिशवीतली लघवी उलटी जात नाही, म्हणून बरेच जण बिनधास्त पिशवी उचलून बाबांच्या मांडीवर ठेवतात. पण झडप पिशवीच्या तोंडाशी आहे आणि वर जवळजवळ मीटरभर नळी आहे. त्या नळीत जी लघवी उभी असते तिला अडवायला काहीही नाही. पिशवी वर गेली की ती सरळ मूत्राशयात परतते, आणि ती शिळी लघवी असते. म्हणून उठवताना, कूस बदलताना, स्टूलवर बसवताना पिशवी आधी खाली धरायची, मग माणसाला हलवायचं. दोघं असाल तर एकानं फक्त पिशवी धरायची.

दुसरी चूक नळीच्या झोक्याची. नळी लांब असते म्हणून ती खाटेवरून खाली लोंबते आणि पुन्हा वर चढून पिशवीत जाते. त्या ‘यू’ आकारात लघवी साठते आणि मूत्राशयाला तेवढा पाण्याचा स्तंभ ढकलावा लागतो. पिशवी रिकामी दिसते, पोटात मात्र साठतं. जास्तीची नळी गादीवरच सैल वेटोळं करून ठेवा आणि गादीच्या काठापासून पिशवीपर्यंत ती सरळ उतरू द्या.

नळी मांडीला चिकटवलेली असावी. पुरुषांना मांडीच्या वरच्या भागावर किंवा खालच्या पोटावर टेप लावतात. टेपच्या वरच्या बाजूला बोटभर सैल सोडा, म्हणजे पाय हलला तरी ओढ आतल्या फुग्यावर येणार नाही (नळी निसटू नये म्हणून मूत्राशयातल्या टोकाला पाण्यानं भरलेला फुगा असतो). टेपची जागा दर एक-दोन दिवसांनी थोडी बदला, नाहीतर चामडी सोलते.

आता रिकामी करणं. दोन लिटरची पिशवी म्हणजे दोन लिटर भरायची असा अर्थ नाही. अर्धी झाली की, फार तर दोन तृतीयांशला, म्हणजे १००० ते १३०० मिलीच्या आसपास काढा. कमी भरली तरी दर आठ तासांनी एकदा काढाच. एक लिटर लघवीचं वजन एक किलो होतं, आणि ते नळीला लोंबतं. साबणानं हात धुवा, वहिनींना हातमोजे देता आले तर द्या. पिशवीच्या नळाखाली खुणा असलेला मग धरा, पण नळाचं टोक मगाच्या काठाला किंवा आतल्या लघवीला लागू देऊ नका. खटका ओढा, पूर्ण रिकामी होऊ द्या, बंद करा, टोक स्पिरिटच्या कापसानं पुसा. मगावर बाबांचं नाव लिहा. घरात दुसऱ्या कुणाची पिशवी असेल तर तिचा मग वेगळा. किती मिली आणि रंग कसा, हे वहीत वेळेसह लिहा. डॉक्टरांना दाखवायला ती वही फार उपयोगाची.

डेटॉल टाकू नका. पिशवीत जंतुनाशक टाकल्यानं संसर्ग टळत नाही, आणि टाकण्यासाठी पिशवी उघडावी लागते, तोच खरा धोका. नळीला गाठ किंवा चिमटा तर अजिबात नको. अडकलेल्या लघवीसाठी घातलेली नळी तुम्हीच बांधली तर पुन्हा तेच होणार. नळी काढण्याआधी ती बांधून ‘सवय’ लावण्याचा फायदा दिसत नाही. कधी काढायची ते डॉक्टर ठरवतील.

अंघोळीला नळी काढायची नाही आणि पिशवीही सोडायची नाही. स्टूलवर बसवून बादलीचं पाणी घाला, पिशवी स्टूलच्या खालच्या दांडीला लावा. रोज एकदा साध्या साबणानं आणि पाण्यानं नळी जिथं शरीरात शिरते ती जागा धुवा, नळी शरीरापासून बाहेरच्या दिशेनं पुसा. त्या जागी पावडर, मलम, डेटॉल काही नको. पुरुषांमध्ये पुढची कातडी मागं सारून धुवायची आणि लगेच पुन्हा पुढं आणायची. मागंच राहिली तर सुजते, अडकते आणि तातडीनं दवाखाना गाठावा लागतो. बाबांना लाज वाटते म्हणून ही जागा टाळतात, पण टाळू नका. हे काम बाबा स्वतः करू शकत असतील तर त्यांनाच करू द्या.

मेडिकलवाला_शहापूर

सिस्टरनी म्हटलेल्या गोष्टींत वस्तूंचं थोडं भरतो.

नळीला दोन तोंडं असतात. रुंद तोंड पिशवीला जोडलेलं. अरुंद तोंडाला रंगीत टोपी असते, १६ नंबरला ती नारिंगी (१४ ला हिरवी, १८ ला लाल). ते तोंड आत फुग्याचं पाणी भरायचं आहे. तिथं कुणी सिरिंज लावायची नाही, काही ओतायचं नाही, ती कापायची तर मुळीच नाही. नळी गळते म्हणून फुग्यात पाणी वाढवणारे लोक असतात. त्यानं गळणं थांबत नाही, मूत्राशय जास्त चिडतं. नळीवर फुग्याचे मिली छापलेले असतात, बहुतेकदा ५ ते १० किंवा ३० मिली, आणि ते निर्जंतुक पाणी असतं. सलाईन घातलं तर फुग्याच्या बारीक वाहिनीत मिठाचे खडे होऊन फुगा रिकामा होत नाही.

लेटेक्सची साधी नळी साधारण दोन ते चार आठवड्यांत बदलतात, म्हणून तुमची तीन आठवड्यांची तारीख योग्य आहे. पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते. जास्त दिवस ठेवावी लागणार असेल तर डॉक्टरांना सिलिकॉनबद्दल विचारा. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा.

पिशवी किती दिवसांनी बदलायची याचं एकच उत्तर नाही. रिकामी करता येणारी पिशवी पाच ते सात दिवसांनी बदलण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी देतात. काही दवाखाने नळीबरोबरच बदलतात. गळत असेल, वास जात नसेल, तळाला गाळ बसला असेल किंवा जोड सुटला असेल तर दिवस मोजत बसू नका, बदला. उगीच रोज बदलणंही वाईट, कारण प्रत्येक वेळी बंद मार्ग उघडतो.

बदलताना नवी पिशवी बाहेर काढून ठेवा, पण टोपी काढू नका. तिचा खालचा नळ बंद आहे ना पाहा, नवीन पिशवीचा उघडा नळ ही नेहमीची चूक आहे. हात धुवा. जोडाच्या भोवती स्पिरिटचा कापूस फिरवा. नळी बोटांनी दुमडून धरा, जुना टोकदार भाग फिरवून ओढा, नव्याची टोपी काढा आणि लगेच घुसवा. तो टोकदार भाग कुठंही लागू द्यायचा नाही. लागला तर ती पिशवी बाजूला, दुसरी घ्या. म्हणून नेहमी एक जास्तीची पिशवी घरात ठेवा.

घेताना पॅकेट फाटलेलं नाही, मुदत संपलेली नाही आणि झडप आहे, एवढं बघा. बाहेर जाण्यासाठी पायाची पिशवी वेगळी मिळते, ३५० ते ७५० मिलीची, दोन इलॅस्टिक पट्ट्यांची. पट्टी इतकी घट्ट नको की पोटरीवर वळ उठेल.

जांबोटी_रोड

खूप आभारी. धुऊन परत लावण्याचं राहिलं. आणि आत्ता एक नवीनच. रात्री साडेनऊला पिशवीत ३०० च्या खुणेवर होतं, आता साडेबारा झाले, तिथंच आहे. बाबा म्हणालेत ओटीपोट जड वाटालंय. काय करू?

निपाणीची_सिस्टर

लगेच हे करा. पांघरूण काढा आणि नळी शरीरापासून पिशवीपर्यंत बोटांनी चाचपत जा. बाबा नळीवर झोपलेत का, ती मांडीखाली किंवा खाटेच्या काठावर दुमडलीय का, टेपजवळ पीळ पडलाय का. खाली लोंबणारा झोका सरळ करा. पिशवी खाटेच्या बरोबरीनं वर आलीय का पाहा. मग बाबांना कुशीवर वळवा, जमत असेल तर खाटेच्या काठावर बसवा. पायाच्या पिशवीला रात्रीची मोठी पिशवी जोडली असेल तर पायाच्या पिशवीचा नळ बंद नाही ना.

हे करून पाच-दहा मिनिटांत धार आली नाही आणि पोट जड आहेच, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा किंवा गाडी करून तालुका रुग्णालय गाठा. नळीत पाणी मारून बघणं, नळी पुढं ढकलणं, ओढणं घरी करायचं नाही. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलीच्या आसपास लघवी यायला हवी, तीन तासांत शून्य म्हणजे मार्ग बंद आहे असंच धरायचं.

जांबोटी_रोड

नळी खाटेची पट्टी आणि गादी यांच्यात चेपली होती. सोडवल्याबरोबर धार लागली, आता ७०० च्या वर आहे. पोट हलकं झालं म्हणतात.

निपाणीची_सिस्टर

बरं झालं. आता तासाभरानं पुन्हा खूण बघा आणि वहीत लिहा. नळी खाटेच्या पट्टीत जाते तिथं जाड टॉवेलची घडी ठेवा. रात्री झोपण्याआधी आणि एकदा मध्यरात्री नळी अशीच हातानं चाचपायची.

फिजिओ_टिळकवाडी

नळी दुमडलेली नसूनही बंद होते, तेव्हा आत काय होतं ते सांगतो. नळी काही दिवस राहिली की तिच्या पृष्ठभागावर जंतूंचा थर बसतोच. दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत जंतू दिसू लागतात आणि महिन्याभरात जवळजवळ सगळ्यांच्या. त्यातले काही, विशेषतः प्रोटियस, लघवीतला युरिया फोडून अमोनिया करतात. लघवी अल्कधर्मी होते आणि क्षारांचे स्फटिक नळीच्या टोकाला, भोकाला बसतात. काढलेली नळी बोटांत फिरवली तर वाळूसारखी करकर लागते. बदलताना नर्सना ‘आत क्षार बसले होते का’ हे विचारा. नळी दहा-बारा दिवसांतच बंद पडत असेल तर त्या तारखा डॉक्टरांना दाखवा, म्हणजे पुढची नळी त्याआधीच बदलता येईल.

म्हणूनच नुसती लघवी गढूळ दिसली किंवा तपासणीत जंतू निघाले, म्हणून अँटिबायोटिक घ्यायचं नसतं. ताप, थंडी, कुशीत दुखणं, म्हातारा माणूस अचानक भ्रमिष्टासारखा बोलणं, ही लक्षणं असतील तर मात्र त्याच दिवशी दाखवा. तपासणीला लघवी पिशवीतून देऊ नका. पिशवीत तासन्‌तास राहून जंतू वाढलेले असतात, तो रिपोर्ट दिशाभूल करतो. नमुना नळीवरच्या नमुन्याच्या जागेतून सुईनं किंवा नवीन नळी घातल्यावर घेतात.

नळीच्या बाजूनं लघवी गळते तेव्हा लोक म्हणतात नळी बारीक पडली, मोठी घाला. बहुतेक वेळा कारण दुसरं असतं. मार्ग अडलाय, किंवा मूत्राशय आकसतंय, किंवा शौचाला कडक झालंय. कडक शौच मागून मूत्राशयावर आणि नळीवर दाब देतं. नळी नीट वाहत असून गळत असेल तर आकसण्यावर गोळ्या असतात, डॉक्टर देतील.

पाणी दिवसात दीड ते दोन लिटर, थोडं थोडं. ताक, नाचणीचं आंबील, पेज सगळं त्यात धरा. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल आणि डॉक्टरांनी मोजून पाणी सांगितलं असेल तर तेच पाळायचं. लघवी फिकट पिवळी असावी. बी कॉम्प्लेक्सनं ती गडद पिवळी आणि टीबीवरच्या रिफाम्पिसिननं नारिंगी होते, घाबरू नका. कधी पिशवी आणि नळीच जांभळी होते. विशेषतः बायकांत, बद्धकोष्ठ असताना. जंतू लघवीतल्या एका पदार्थापासून निळा आणि तांबडा रंग तयार करतात आणि तो प्लास्टिकला चिकटतो. दिसायला भयंकर, पण ताप वगैरे नसेल तर धावपळीचं कारण नाही. डॉक्टरांना सांगा, पिशवी बदला आणि शौच साफ ठेवा.

पाठीच्या मणक्याला छातीच्या वरच्या भागात इजा झालेले रुग्ण घरी असतील त्यांनी एक जास्तीचं लक्षात ठेवा. नळी बंद पडली की त्यांना पोट जड वाटणार नाही. अचानक डोकं फुटल्यासारखं दुखतं, चेहरा लाल, वरच्या भागात घाम आणि बीपी भडकतं. त्यांना लगेच उठून बसवायचं, नळी तपासायची आणि दवाखाना. यात पक्षाघाताचा झटका येऊ शकतो.

मेडिकलवाला_शहापूर

धुण्याचं सांगतो. पॅकेटवर एकदाच वापरण्याचं लिहिलं असेल तर धुऊन लावू नका. परवडत नसेल किंवा दिवसाची आणि रात्रीची पिशवी आलटून पालटून लावायचा सल्ला दवाखान्यानंच दिला असेल, तर काढल्याबरोबर आतून साध्या पाण्यानं खळबळा. मग एक भाग पांढरा व्हिनेगर आणि तीन भाग पाणी आत भरून अर्धा तास ठेवा, ओता आणि नळ उघडा ठेवून टांगा. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकडं होतं आणि झडप बसते. खानापूर भागात आषाढ-श्रावणात आठवडाभर काही वाळत नाही. ओली पिशवी बंद करून ठेवली की आत बुरशी येते. त्या दिवसांत धुण्याच्या भानगडीत पडू नका, नवीनच घ्या.

त्यापेक्षा बरी पद्धत म्हणजे पायाची पिशवी काढायचीच नाही. रात्री तिच्या खालच्या नळाला मोठी पिशवी जोडायची आणि पायाच्या पिशवीचा नळ उघडायचा. वरचा जोड तसाच बंद राहतो. नळ उघडायला विसरतात, मग पायावरची पिशवी फुगून रात्रभर लघवी अडते.

बसचं म्हणाल तर निघण्याआधी पिशवी रिकामी करा. पायाची पिशवी पोटरीला, धोतर किंवा सैल पायजम्याखाली. मोठीच पिशवी असेल तर कापडी पिशवीत घालून सीटखाली पायांच्या मध्ये लोंबू द्या. सीटच्या वरच्या दांड्याला किंवा खिडकीला अडकवणं नेहमी दिसतं, ते करू नका. खिडकीकडची जागा घ्या, म्हणजे ये-जा करणाऱ्यांचा पाय नळीत अडकणार नाही. खानापूर ते बेळगाव सव्वीस किलोमीटर आहे, पण घाट चढून किंवा लांबून येणारे दोन-तीन तास वाटेत असतात, त्यांनी जास्तीची पिशवी आणि स्पिरिटचे स्वॅब बरोबर ठेवावेत.

जांबोटी_रोड

एक शेवटचं. बाबा झोपेत नळी ओढतात. आणि दिवसा बघायला बैलहोंगलकडची बाई येणार आहे, तिला मराठी फार येत नाही.

निपाणीची_सिस्टर

ओढतात तिथं लुंगीऐवजी इलॅस्टिकचा पायजमा घाला, नळी पायावरून खाली काढा, हाताला लागत नाही. फुगा फुगलेला असताना नळी निघाली तर रक्त येतं. परत घालू नका, कपडा दाबून धरा आणि दवाखान्यात न्या, निघालेली नळी बरोबर घ्या. फुगा पूर्ण आहे की तुकडा आत राहिला, हे तिथं बघतात. रक्ताच्या गाठी दिसल्या तरी तेच. थोडं गुलाबी आणि पाणी प्यायल्यावर साफ होणारं चालतं.

बाईंसाठी खाटेजवळ कागद चिकटवा, एका बाजूला नळीचा नंबर, फुग्याचे मिली, घातलेली तारीख. दुसऱ्या बाजूला कानडीत एवढं लिहा, आमच्याकडं असंच सांगतात: ‘चीला नेलद म्याल इडब्याड्री’, पिशवी जमिनीवर ठेवू नका. ‘चीला म्याल एत्तब्याड्री’, पिशवी वर उचलू नका. ‘पाइप एळीब्याड्री’, नळी ओढू नका. ‘उच्चि बंदिल्ल अंद्र कूडले हेळ्री’, लघवी आली नाही तर लगेच सांगा. खाली तुमचा नंबर मोठ्या अक्षरात.